खांबच्या बावीस पेट्या

३ नोव्हेंबर, सोमवार

एकदाचे सगळे आकडे आले. पाच कोल्ड स्टोरेज, त्यांची वर्षानुवर्षांची रजिस्टरं, स्कॅन करून. काही पानं तिरकी, काहींवर चहाचे डाग. साठे मॅडमना (यापुढे सा.मॅ.; पुण्याची संस्था, काम त्यांचं) मासळीचा मोठा तक्ता हवाय. होडीतून निघालेली मासळी ताटात पोचेपर्यंत कुठे कुठे गळते, ते एका नजरेत दिसलं पाहिजे. "नदीसारखं काढ," म्हणाल्या. म्हणजे डावीकडे रुंद पट्टा, वाटेत फाटे फुटत जाणार, उजवीकडे उरेल तेवढा बारीक. असले तक्ते आता मी डोळे मिटून काढते. आधी भाताचा केला, मग टोमॅटोचा.

पाचवं रजिस्टर रोह्याजवळच्या खांबचं निघालं.

सा.मॅ.ना माहीत नाही मी तिथे होते ते. लग्नाआधी, अडीच वर्षं, क्वालिटीच्या टेबलावर. जुलैचं पान दिसलं आणि लॅपटॉप मिटला. कपडे वाळत घातले. मग वाळलेलेच परत झटकत बसले.

५ नोव्हेंबर, बुधवार

पान परत उघडलं. काम घेतलंय म्हटल्यावर उघडणं आलंच.

नोंद एका ओळीची. 'बांगडा, २२ पेट्या, खराब. फिनाइल ओतून, चुना टाकून पुरले.' खाली माझी सही, माहेरच्या आडनावाची. किती गोल अक्षर होतं तेव्हा.

फिनाइल ओतलं नव्हतं. पुरलं नव्हतं. हे आज पहिल्यांदा लिहितेय. लिहायला सतरा वर्षं लागली.

झालं ते असं. पावसात वीज तीन दिवस गेली. जनरेटर दुसऱ्या दिवशी बंद पडला. मासेमारीची बंदी लागायच्या आधी घेतलेला बांगडा आत होता, तो सैल पडला. मी पेट्या उघडल्या, बोटाने दाबून पाहिलं. दिसायला मासा बरा होता. वास जेमतेम. पण बांगडा उबला की त्यात जे तयार होतं ते शिजवूनसुद्धा जात नाही, हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. माहीत नव्हतं असं नाही. नियमही साधा: वर फिनाइल ओतायचं म्हणजे कोणी उचलून खाणार नाही, मग खड्डा.

कॅनचं झाकण मी काढलं होतं. पण आमच्याकडे भाताचं शीत सांडलं तरी उचलून कपाळाला लावतात. पायाखाली पोह्याचा दाणा आला तरी आई नमस्कार करायला लावायची. बावीस पेट्या अन्नावर फिनाइल ओतायला हात धजेना. टेम्पोवाला दिलीप आणि दोन हमाल, ते तर आधीच मागे सरले. दिलीप म्हणाला, "खाडीचं हाय, खाडीला देऊ."

सगळ्यांना बरं वाटलं. मलाही. रोह्याच्या खालच्या अंगाला, बंधाऱ्याच्या बाहेर ओतायचं, भरती आली की घेऊन जाईल. मी टेम्पोत बसून गेले. ओतलं, चौघांनी हात जोडले, रिकाम्या पेट्या परत आणल्या. ऑफिसात येऊन सही केली.

आठ दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी बोललं, बंधाऱ्याजवळच्या वाडीत एक बाई उलट्या होऊन गेली. मी कोण म्हणून विचारलं नाही. डबा तसाच बंद केला.

९ नोव्हेंबर, रविवार

सुनीलने बाजारातून बांगडे आणले. नवरा आहे, चौदा वर्षं झाली, तरी दर वेळी विचारतो, आज तरी खाणार का. मी त्याला अंगाला खाज येते असं सांगून ठेवलंय. त्याच्या आईचं म्हणणं, बांगडा न खाणारी सून पेणमध्ये शोधून सापडणार नाही. हसतात सगळे. मीही हसते. मी तळून देते, आमटी करते, चव मात्र त्यांना बघायला लावते.

तक्त्याचे रंग ठरले. विकलेलं आणि ताटात पोचलेलं निळं. वाटेत खराब झालेलं पिवळट. नष्ट केलेलं राखाडी. राखाडी पट्टा खालच्या कडेला जाऊन संपतो. खांबच्या पट्ट्यातला त्या जुलैचा धागा मोठा करून पाहिला. केसाएवढा आहे. मोठा केला नाही तर दिसतही नाही. तरी नजर तिथेच जाते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

जोह्याला गेले, सुनीलच्या मूर्तींच्या कारखान्यात, डबा द्यायला. गणपती गेले तरी यांचं काम थांबत नाही, पुढच्या वर्षीचे साचे चालू. कोपऱ्यात हात तुटलेल्या चार मूर्ती एका बाजूला ठेवलेल्या. रंग नाही, डोळे नाहीत. म्हटलं यांचं काय करता. म्हणाला, कचऱ्यात थोडीच टाकणार, पाण्याला देतो. किती सहज म्हणाला.

आम्ही सगळेच असे. टाकत नाही, पाण्याला देतो. मग आपलं काम संपलं.

बसमधून येताना शेजारच्या बाईच्या पिशवीत सुकी मासळी होती. खिडकीशी तोंड करून बसले, तरी तो वास घरापर्यंत आला. अंघोळ केली दुपारी दोनला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

रोह्याला गेले. सुनीलला सांगितलं, आकडे तपासायचेत. खोटं नाही अगदी.

दिलीप आता स्टेशनबाहेर रिक्षा लावतो. ओळखायला मला वेळ लागला, त्याला नाही. केस पांढरे, पोट सुटलेलं. चहा सांगितला. दोघे हमाल कुठे, तर एक मुंबईला, एक वारला. इकडचं तिकडचं झालं. मग मी म्हटलं, दिलीपभाऊ, ते बांगडे. तो लगेच म्हणाला, "व्हय. मला वाटलंच, कधीतरी येशील."

म्हणजे याच्याही मनात होतं. इतकी वर्षं मी समजत होते एकटीच आहे.

मी म्हटलं, भरतीने नेलंच असणार ना बरंचसं. त्याने कप खाली ठेवला. तो त्या बाजूलाच राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बंधाऱ्यावरून जाताना त्याने पाहिलं होतं, ढीग होता तिथेच होता, आणि बाया घमेल्यांतून भरून नेत होत्या. तो थांबला नाही. सायकल दामटत निघून गेला. मला सांगितलं नाही, कारण पुरल्याची सही झाली होती आणि ती माझी होती.

"पाणी आलंच नाय ताई. भांग व्हता."

भांग. म्हणजे अष्टमीच्या आसपासची मवाळ भरती, बंधाऱ्याच्या पायथ्यालाही धड लागत नाही. खाडीकाठच्या पोरांनाही कळतं. आम्ही चौघे इथलेच, आणि एकालाही तिथी बघायचं सुचलं नाही. हात मात्र जोडले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

त्या वर्षीचं पंचांग शोधलं. आषाढ वद्य अष्टमी.

मी तर नेहमी समजत आले की ती दिव्यांच्या अवसेची भरती होती, उधाणाची. आठवण इतकी पक्की की आई अंगणात बसून समया चिंचेने घासतेय आणि मी खांबहून घरी येतेय, हे डोळ्यांसमोर दिसायचं. ते आठवडाभराने झालं असणार. मनाने उचलून अलीकडे आणून ठेवलं. पाणी यायला हवं होतं ना, मग आणलं पाणी.

स्वतःची चीड आली. दुसऱ्यांच्या आकड्यांतल्या चुका काढत फिरते मी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सा.मॅ.चा फोन. खूश होत्या. पाच जणांत खांबचं रजिस्टर सगळ्यात स्वच्छ, म्हणाल्या. खराब माल किती आणि त्याचं काय केलं, ओळ न् ओळ लिहिलेली. बाकीच्यांकडे 'फेकून दिले' एवढंच. तेव्हा तक्त्याच्या मध्यभागी खांब घ्यायचं, मोठं करून, आणि शेजारी चौकट: विल्हेवाट कशी लावावी. सगळ्या केंद्रांत तो तक्ता भिंतीवर लागणार. नमुन्यासाठी एखाद्या नोंदीचा फोटो हवाय. त्यांनी एक निवडलीसुद्धा.

कोणती ते विचारायची गरज नव्हती. अक्षर सुंदर आहे म्हणाल्या.

मी बरं म्हटलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

धागा फोडून पाहिला. नष्ट केलेल्यातून काढून दुसरीकडे वळवला. सॉफ्टवेअर विचारतं, कुठे. यादीत चारच पर्याय: विकलं, खराब, नष्ट, ताटात पोचलं.

बराच वेळ चौथ्यावर बोट ठेवून बसले. खरं म्हणजे तेच बरोबर आहे. त्या पावसात खांबमधून निघून खरोखर कोणाच्या ताटात पोचलेला माल तेवढाच. तक्त्याच्या हिशोबाने बावीस पेट्यांची नासाडी झालीच नाही. क्लिक केलं. धागा निळा होऊन वर गेला, ताटाच्या चित्रापर्यंत.

उठून मोरीत गेले. तोंडावर पाणी मारलं.

परत येऊन राखाडी केला.

२६ नोव्हेंबर, बुधवार

वाडीत जाऊन आले. दिलीपने रिक्षा बंधाऱ्याच्या तोंडाशी थांबवली, पुढे आला नाही. म्हणाला मी हाय इथंच.

दहा-बारा घरं. गेलेल्या बाईचं नाव सोनीबाय. माणसाला नाव असतं हे माहीत असून मला ते आज कळलं. तिची मुलगी मंदा त्याच घरात राहते, पन्नाशीची, उन्हाळ्यात मिठागरावर जाते, बाकी खाडीत. मी सांगितलं, मासळीची नासाडी होते त्याचा तक्ता काढते, जुन्या पावसाचं विचारत फिरतेय. तिने खाट झटकून दिली. शंका कसली म्हणून आली नाही तिला. आली असती तर सोपं गेलं असतं.

सगळं आपणहून सांगितलं. त्या पावसात काम नाही, डब्यात तांदूळ नाही, खाडीत उतरता येत नाही. आणि एक दिवस सकाळी बंधाऱ्याबाहेर बांगड्याचा ढीग. कुठली तरी होडी उलटली असेल असं सगळ्यांना वाटलं. तिची आई म्हणाली, खाडीनं दिलं. अख्ख्या वाडीने दोन दिवस खाल्लं. उरलेलं चुलीवर धुरी देऊन ठेवलं. मग लोकांना डोकेदुखी, अंगावर लाल चट्टे, उलट्या. बहुतेक जण उठले. सोनीबाय नाही उठली. चौथ्या दिवशी गेली.

पण विहिरीतही पुराचं पाणी शिरलं होतं तेव्हा. डॉक्टर म्हणाले, पाण्याने असेल. मंदाचा भाऊ म्हणायचा, मासळीने.

"मी नाय मानत," मंदा म्हणाली. "खाडी दिऊन मारील व्हय गो?"

चट्टे कशाचे ते मला माहीत आहे. पाण्याने चट्टे येत नाहीत. म्हणून विचारलं, आईच्या अंगावर होते का चट्टे.

"बघितलं नाय गो. पावसाचा काळोख, लाइट नव्हती ना."

म्हणजे ते आता कोणालाच कळणार नाही. वीज आम्हाला नव्हती म्हणून मासा उबला, आणि तिला नव्हती म्हणून ते दिसलं नाही.

निघते म्हटलं तर हात धरून बसवलं. दुपारची वेळ, माणूस दारातून उपाशी जाऊ द्यायचा नाही. ताट आलं. भात, आणि बांगड्याचं कालवण. मी खाज येते म्हणू शकले असते. जीभ वळली नाही. ताटाला नमस्कार केला आणि खाल्लं. सतरा वर्षांनी. चवीला फार छान होतं, आणि ते मला सहन होत नव्हतं. तिने आणखी एक तुकडी वाढली. समोर बसून म्हणाली, "त्या पावसात आई पोटभर जेवली ती तेवढे दोनच दिवस. मला तेच बरं वाटतं बघ."

मी काही सांगितलं नाही. तोंडात घास होता म्हणून नाही, तो गिळल्यावरही.

निघताना म्हणाली, त्या तक्त्यात आमचं येणार काय. म्हटलं बघते. पेणला नणंद असते, आले की बघायला येईन म्हणाली. माझा नंबर लिहून घेतला, नातीच्या वहीत.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सुनीलला सांगितलं. सकाळी, चहा पिताना, सगळं. ऐकून म्हणाला, म्हणजे खाज वगैरे काही नव्हतं. म्हटलं नव्हतं. तो म्हणाला, एवढी वर्षं मी चेष्टा करत होतो. मला रडू आलं ते त्यावर, बाकी कशावर नाही.

त्या बाईला सांगू नको असं त्याचं मत. तिची आई खाडीने दिलेलं खाऊन गेली, हे तिच्याकडे आहे ते काढून घेऊन तिला काय देणार. चुकीचं नाही बोलला. पण मग माझी सही पाच भिंतींवर लागेल आणि लोक म्हणतील असं करावं.

फिनाइल ओतलं असतं तर? वाडी दोन दिवस उपाशी राहिली असती. सोनीबाय कदाचित वाचली असती, कदाचित पाण्याने गेलीच असती. हे मी दोन्ही बाजूंनी रोज मांडते. कशानेही जुळत नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सा.मॅ.ना मेल लिहिली. नोंद खोटी आहे. सही माझी आहे. काय झालं ते सहा ओळींत. पाठवली. पाठवल्यावर तीनदा वाचली, एक शुद्धलेखनाची चूक राहिली होती, तिचंच वाईट वाटत बसले.

३० नोव्हेंबर, रविवार

उत्तर आलं. चांगल्याच आहेत बाई. प्रामाणिकपणाबद्दल आभार मानलेत, स्वतःला त्रास करून घेऊ नको म्हणाल्या. आणि पुढे: खांब काढून टाक, चार केंद्रांवर भागेल.

काढलं. एक बटण दाबलं की जातं. तक्ता उलट आणखी नीटस दिसायला लागला. बांगडा नाही, जुलै नाही, बंधारा नाही. तो त्यांना पाठवला.

खांबवाली फाइल ठेवलीय. तिच्यात तो धागा मी राखाडीही ठेवला नाही आणि निळाही नाही. शेंदरी केला, वेगळा दिसावा म्हणून. ताटापर्यंत नेला आणि तिथून पुढे कागदाच्या कडेपर्यंत. मग छापून घेतलं आणि यादीत नसलेला पाचवा पर्याय हाताने लिहिला: 'सोनीबाय, आणि वाडी. कोणी ओतलं ते खाली लिहिलंय.' खाली चौघांची नावं लिहिणार होते. माझंच लिहिलं. सही आताच्या आडनावाची, कंसात माहेरचं.

१ डिसेंबर, सोमवार

मंदाचा फोन. परवा पेणला येतेय. तक्ता झाला काय, विचारलं. झाला म्हटलं. आमचं आलं काय. म्हटलं, आलंय. "आईचं नाव हाय?" आहे. पलीकडे तिने कोणाला तरी ओरडून सांगितलं, गो, आजीचं नाव आलंय कागदात.

मी जेवायलाच या म्हटलं. तोंडातून निघून गेलं. तिने वाढलं होतं, आपण बोलवायला नको का.

३ डिसेंबर, बुधवार

सकाळीच बाजारात जाऊन बांगडे आणले. कोळणीने कल्ले उघडून दाखवले, तरी मी बोटाने दाबून पाहिले, एकेक. ती म्हणाली, काय बाई, परीक्षा घेते काय. घरी येऊन परत पाहिले. ताजे आहेत.

सुनील जोह्याला गेलाय. थांबू का म्हणाला होता, मी नको म्हटलं. जाताना त्याने टेबलावरचा तक्ता पाहिला, सही पाहिली. पाण्याचा तांब्या भरून ठेवून गेला.

मंदा दहाच्या बसने निघते म्हणाली होती. आता सव्वाअकरा. कालवण उकळलंय, भात झालाय. तक्ता मी टेबलावर पालथा ठेवला होता, वर पानं मांडायला जागा व्हावी म्हणून. ठरवलं होतं, आधी जेवण, मग शांतपणे सांगायचं. दमून येईल, भुकेली असेल, उपाशीपोटी असलं ऐकवू नये.

पानं मांडताना लक्षात आलं. आधी वाढलं तर ती माझ्या हातचा बांगडा, काही माहीत नसताना, परत एकदा खाणार.

पानं उचलून ठेवली. तक्ता सुलटा केलाय. गॅस बंद केला, कालवणावर झाकण ठेवलं. निवलं तर निवू दे, तिला खावंसं वाटलं तर गरम करता येईल.

खाली रिक्षा थांबल्यासारखी वाटतेय. मंदाचाच आवाज आहे, कोणाला तरी घर विचारतेय.